वाचल्याविना लिफ्ट नाही

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला दरवाजा आहे, बटणं आहेत, आरसा आहे आणि सेतुअण्णा आहेत. पहिल्या तिन्ही गोष्टी अधूनमधून बिघडतात, सेतुअण्णा मात्र एकही दिवस बंद पडलेले मी पाहिले नाहीत. रोज दुपारी चारला, शाळेच्या गाड्या यायच्या वेळेला, ते लिफ्टशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. मांडीवर कागदांचा गठ्ठा असतो. त्यात विजेचं बिल, कुणाची तरी लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, धुऊन वाळवलेली दह्याची पिशवी, असं काय वाट्टेल ते असतं. पोरगं दप्तर घेऊन आलं की त्यातला एक कागद त्याच्या नाकापुढे धरतात.

"वाच."

वाचलं तर लिफ्ट. नाही वाचलं तर जिना आहेच, चांगला चार मजल्यांचा. "वाचल्याविना लिफ्ट नाही," हा त्यांचा कायदा, आणि आवडी नावाच्या या तमिळ गावातल्या आमच्या गल्लीत तो कायदा मोडायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

मोठ्यांनाही सूट नाही बरं का! कुरियरवाला पार्सलवरचा पत्ता खड्या आवाजात वाचतो. असोसिएशनचे सेक्रेटरी स्वतःच चिकटवलेली टँकरची नोटीस स्वतःच वाचून दाखवतात आणि मान खाली घालून वर जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंपुढे अण्णांनी एकदा त्यांनीच लिहून दिलेली औषधांची चिठ्ठी धरली. बाईंनी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि जिन्यानं गेल्या.

आमची पहिली गाठ पडली ती अशीच. विनायकची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पुण्याकडून इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात बदली झाली. जूनची दुपार, घामाच्या धारा, विनायकच्या डोक्यावर गादी, माझ्या हातात मिक्सरचं खोकं आणि खांद्यावर झोपलेली आठ वर्षांची मनू. एवढं सगळं घेऊन लिफ्टशी पोचतो तर एक पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलेले गृहस्थ वाट अडवून. हातात तमिळ कागद. विनायक इंग्रजीत विनवण्या करायला लागला. माझा पारा आधीच चढलेला. मी मराठीत म्हटलं, "कोण आहे हा म्हातारा? ढकल ती खुर्ची आणि चल वर!"

"खुर्ची ढकलूं नका मा," म्हातारा शांतपणे म्हणाला, "पाय मोडका आहे तिचा."

धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते. मग कळलं, हे तंजावूरचे मराठी. "आमचे वाडवडील राजांसंगे खालीं आले," ते म्हणाले. "परत जायचें, जायचें म्हणत होते. राहूनच गेलें." एवढी सलगी झाली, आता सोडतील, असं मला वाटलं. डोंबल! "तमिळ येत नाही? सरी, बरें. मग येतें तें वाचा." शेवटी विनायकनं डोक्यावर गादी घेऊन मिक्सरच्या खोक्यावरच्या सूचना वाचल्या. ओल्या हातांनी बटण लावू नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे, वगैरे. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "उच्चार बरे आहेत. जा."

हे सेतुराव, म्हणजे सगळ्यांचे सेतुअण्णा, तळमजल्यावर एकटेच राहतात. त्याच कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. बनून आलेला नग मापायचा आणि शिक्का मारायचा, हे काम. चांगला तो पास, पार बिघडलेला तो रिजेक्ट, आणि थोडं घासून-पुसून नीट होण्यासारखा तो रिवर्क. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिजेक्ट हा शब्द टाकून दिला. "तो लोखंडाला बोलायचा शब्द. घरांत चालत नाही." रिवर्क मात्र जगातल्या प्रत्येक वस्तूला लागू. माझा उपमा रिवर्क. फुलवालीचा गजरा रिवर्क. दारापुढचं रांगोळीचं कोलम एका टिंबानं तिरकं, म्हणून रिवर्क. विनायकची मिशी डाव्या बाजूला जरा खाली आहे म्हणून तीही रिवर्क. विनायक कारखान्यातला माणूस, त्याला ते फार लागलं. त्यानं डावी बाजू कापली, मग उजवी मोठी दिसायला लागली, मग ती कापली, की परत डावी. पंधरा दिवसांत मिशीच गेली. अण्णांनी त्याला लिफ्टपाशी न्याहाळलं आणि म्हणाले, "आतां पास."

आता मनूचं सांगते. आमची मनू तिसरीत. तोंडानं अशी तिखट की तीन महिन्यांत जिन्यातल्या पोरींकडून तमिळ उचलून ती केळेवाल्याशी भांडायला लागली. वाचनाची तर मला काळजीच नव्हती. पुस्तक घेऊन बसायची, ओळीखाली बोट धरायची, आणि घडाघडा वाचायची. मी साताऱ्याला फोन करून आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना सांगून झालं होतं की पोरीला इंग्रजी शाळा मानवली.

एकदा लिफ्टपाशी अण्णांनी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मनूनं पुड्यावर बोट ठेवलं आणि गोड आवाजात, इंग्रजीतून, हत्तीचा धडा सुरू केला. हत्ती नदीवर गेला. हत्तीनं सोंडेत पाणी घेतलं. हत्तीच्या पिल्लाला फार मजा आली. बोट पुड्यावरून शिस्तीत सरकत होतं. अण्णांनी अख्खा धडा ऐकून घेतला. मग पुडा हातात घेऊन पुढून पाहिला, मागून पाहिला.

"ह्यांत मैदा आहे, साखर आहे, मीठसुद्धा आहे," ते म्हणाले. "हत्ती कोठें आहे, कण्णा, लेकरा?"

मी भाजीची पिशवी घेऊन मागेच उभी होते. रोज संध्याकाळी प्रत्येक धडा दोनदा मीच तिला वाचून दाखवत होते, आणि ही बया तो पाठ करून मलाच परत ऐकवत होती! तिला अक्षरं येत होती, पण शब्द वाचता येत नव्हते. पहिलं अक्षर बघायची आणि पुढचं मनानं ठरवायची.

दहा दिवसांत शाळेतूनही बोलावणं आलंच. बाईंनी सरळ सांगितलं, पोंगलच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिका स्वतः एक न पाहिलेला उतारा तिला वाचायला देतील. जमलं तर ठीक, नाही तर तिला दुसरीच्या वर्गात बसवावं लागेल. घरी येऊन चपला काढताना मनूनं विचारलं, "आई, दुसरीतल्या मुली मला शेजारी बसू देतील?" मी तिला जवळ घेतलं आणि मग मोरीत जाऊन रडले.

त्यानंतर मी जे काही केलं ते कुणाला सांगू नका. चार रंगांचं वेळापत्रक केलं. चांदण्यांचे स्टिकर आणले. फोनवरचे सतरा व्हिडिओ पाहिले. त्यातली बाई म्हणे, मुलांशी हसतमुख राहा. मी पहिले दोन दिवस इतकी हसतमुख राहिले की मनूनं विनायकला विचारलं, आईला काय झालंय? तिसऱ्या दिवशी मी ओरडले. चौथ्या दिवशी इतकी ओरडले की तळमजल्यावरून अण्णा वर आले, हातात टेप घेऊन.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या मनूचं कोपर मापलं, टेबल मापलं, लोंबकळणारे पाय जमिनीपासून किती वर आहेत ते मापलं. "पाय हवेंत, कोपर कानाशीं. असें मशीन लावून कोण ऑपरेटर काम करील? हें टेबल डोसे खायला ठीक. लेकरूं माझ्याकडे धाडा. पांच ते सहा."

"मी पण येते," मी म्हटलं.

"तुम्ही नको."

"अहो, मी आई आहे तिची!"

"तेंच म्हणतों मी. तुम्ही मालक. मालक मशीनपाशीं उभा राहून ओरडला कीं माप चुकतें."

दुसऱ्या दिवसापासून मनू खाली जायला लागली. त्यांनी तिच्यासाठी स्टूल कापून बुटकं केलं होतं, पायाखाली दोन विटा ठेवल्या होत्या. मी एकदा दारातून डोकावले तर "पोदुम, मा, पोदुम, पुरे" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

पहिल्या दिवशी मनू तासाभरानं वर आली. किती वाचलं? एक ओळ. दुसऱ्या दिवशी? एक ओळ. आठवडाभर रोज एक ओळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खाली जाऊन जाब विचारला. अण्णा म्हणाले, "कारखान्यांत नवें काम लागलें कीं पहिला नग आधीं मापतात. तो बरोबर निघाल्याविना पुढचे हजार काढायचे नसतात. तुम्ही पहिला न मापतां हजार काढलेत. सगळे हत्ती निघाले." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "एकच ओळ आहे खरी, पण तिची ती वाचलेली आहे मा."

मग लिहिण्याची पाळी आली. अण्णांनी ठरवलं की आमच्या घरची किराणा-भाजीची यादी यापुढे मनू लिहील, आणि ती यादी घेऊन दुकानात अण्णा जातील. कागदावर असेल ते आणायचं, नसेल ते नाही. मी यादी सांगितली, मनूनं कंटाळून निम्मी लिहिली. त्या दिवशी घरात चॉकलेटं आली चार, साबण आला, तूरडाळ आली. मीठ नाही, टोमॅटो नाही, तेल नाही. मी खाली धावले. अण्णा ठाम. "लिहिलें तें आलें. न लिहिलें तें कसें येईल?" बरं, मी स्वतः जाऊन आणते म्हटलं तर त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवलेलं, ह्या बाईंना यादीशिवाय काही देऊ नको. त्या दिवशी आम्ही अळणी वरणभात खाल्ला. विनायक पहिला घास घेऊन माझ्याकडे बघायला लागला. "माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "तुझ्या लेकीला विचार." मनूनं दोन घास गिळले, उठली, वही घेतली, आणि पहिल्याच ओळीत मीठ लिहिलं. त्यानंतर महिनाभर प्रत्येक यादीत पहिलं मीठच असायचं. डब्यात मीठ मावेना.

पण कहर झाला तो बसचा. पाच ते सहाचा तास अण्णा कधी कधी बसस्टँडवर घ्यायचे. मनूनं पाटी वाचायची, मग चढायचं. जायचं असायचं पट्टाभिरामला, दहा मिनिटांवर. तिथे अण्णांचे एक मित्र राहतात, त्यांच्याकडे भजी खायची आणि यायचं. त्या दिवशी बस आली, मनूनं पाटीवरचं पहिलं अक्षर पाहिलं आणि ओरडली, "पट्टाभिराम!" अण्णा चढले. बस निघाली पूनमल्लीला.

साडेसहा झाले, सात झाले, मी गेटपाशी. अण्णा फोन घरी ठेवून गेलेले. विनायक स्कूटर काढायला लागला तेवढ्यात दोघं आली, एकाच्या हातात छत्री, दुसरीच्या गालाला चटणी. मी मनूला उचलूनच घेतलं आणि अण्णांवर तुटून पडले. तुम्हाला पाटी दिसली नाही का? लेकराला घेऊन भलतीकडे गेलात?

"दिसली कीं," अण्णा म्हणाले. "चढतांना दिसली."

"मग चढलात कशाला?"

"तिनें वाचलें, मी चढलों. ती मोठी आणि मी आंधळा असतों तर?"

मनू माझ्या खांद्यावरून म्हणाली, "आई, मी पुढचं वाचलंच नाही. पुढे दोन ओ होते इंग्रजीत, केवढे मोठे! मला दिसले असते." मग तिनं परतीची पाटी कशी अक्षर अक्षर करून वाचली, कंडक्टरला दोनदा विचारून खात्री कशी केली, आणि अण्णांना हाताला धरून कसं चढवलं, ते सगळं सांगितलं. अण्णा शेजारी उभे राहून, खरोखरच कुणी हात धरून आणलेल्या म्हाताऱ्यासारखे, होय होय करत होते. मला हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून मनूनं पहिल्या अक्षरावर ठोकून द्यायचं सोडलं, हे खरं.

परीक्षेच्या दिवशी मी अण्णांना बरोबर चला म्हटलं. ते नाही म्हणाले. माल तपासायला जातो तिथे बनवणाऱ्यानं उभं राहायचं नसतं म्हणे. मी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर बसले आणि दहाही नखं खाल्ली. आतून मनूचा आवाज येत होता. हळू, पण चालू. मधेच थांबला. मग मनू म्हणाली, "एक मिनिट, मिस, मी चुकले," आणि तीच ओळ पहिल्यापासून वाचली. मुख्याध्यापिका बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तुमची मुलगी स्वतःची चूक स्वतः पकडते. ती तिसरीतच राहील."

बाहेर पडलो तर शाळेसमोर चहाच्या टपरीवर सेतुअण्णा! इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामा ग्लास. म्हणे, इकडे कुणाकडे तरी आलो होतो. मनू धावत जाऊन त्यांच्या पोटाला बिलगली. "अण्णा, मी तिसरीत!" अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ रस्त्यावरच्या बसकडे बघत राहिले. बस केव्हाच निघून गेली होती.

त्या आठवड्यात मी एक चूक केली. चांगल्या मनानं केली. खीर घेऊन खाली गेले, त्यांच्या पाया पडले, आणि म्हटलं, "अण्णा, फार केलंत तुम्ही. आता तिची ती वाचते. उद्यापासून तुम्हाला त्रास नको. तुमची संध्याकाळ मोकळी." अण्णा म्हणाले, "सरी." खीर टेबलावर ठेवली आणि पुन्हा म्हणाले, "सरी."

तीन दिवस मनू वरच वाचत होती, गॅलरीत बसून, मोठ्यानं. चौथ्या दिवशी बाजारातून येताना अण्णांचं दार उघडं दिसलं. आत टेबलावर एका ताटलीत, मनूला रोज तासाला द्यायचे ते, हरभऱ्याचं सुंडल काढून, वर झाकण घालून ठेवलेलं. दुसरी ताटली उपडी. अण्णा समोर बसले होते, खात नव्हते, पेपर वाचत नव्हते. बायको जाऊन पाच वर्षं झालेली. मुलगा हैदराबादला, रविवारी फोन करतो, रक्तदाब विचारतो आणि ठेवतो. हे सगळं मला माहीत होतं हो! माहीत असून मी त्यांची संध्याकाळ मोकळी करून आले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की हाक न मारताच मी वर आले.

अर्ध्या तासानं दाराची बेल वाजली. अण्णा उभे होते.

"गॅलरींतून मनूचें वाचणें ऐकतों मी," ते म्हणाले. "बरें नाही. वाक्य संपतां ती थांबत नाही. असें सोडून भागायचें नाही."

"आई, मी थांबते!" मनू आतून ओरडली. "प्रत्येक ठिकाणी थांबते!"

थांबत होतीच. मी ऐकत होते ना! विनायक सांगतो, कारखान्यात जुने लोक अजून म्हणतात की सेतुरावांनी साहेबाच्या मेव्हण्याचा माल परत पाठवला होता, पण चौतीस वर्षांत एका कागदावर खोटी सही केली नाही. तो माणूस माझ्या दारात, चपलांच्या मांडणीकडे बघत, धडधडीत खोटं बोलत होता.

"किती दिवस लागतील, अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केल्यासारखं केलं. "सहावीपर्यंत तरी. पुढचें पुढें बघूं."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं. "उद्यापासून पाठवते."

अण्णा वळले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. मागे न बघता म्हणाले,

"आज कां नको?"

मी मनूला हाक मारली.